नवीन दरवाजे विकायच्या आधी जुन्या दारांच्या फटी बुजवा



मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. "सर, ॲल्युमिनिअम आणि यूपीव्हीसीच्या खिडक्या-दरवाजांचं वर्कशॉप टाकायचं म्हणतोय, अकोले तालुक्यात चालेल का?" उत्तर आधीच देऊन टाकतो. माझ्या मते पहिली दोन-तीन वर्षं तरी चालणार नाही. पण हेच दरवाजे दुरुस्त करायचं काम चालेल. त्याला वर्कशॉप लागत नाही, एक बाइक, एक पेटी आणि नीट माप घ्यायची सवय लागते.

आता हे मी छातीठोकपणे सांगतोय खरं, पण तीन वर्षांपूर्वी मी याच्या बरोबर उलटं सांगत होतो. राजूरकडचा एक मुलगा आमच्या शिबिराला आला होता. आयटीआय झालेला, पुण्याकडे खिडक्या बसवायच्या कामावर दोन वर्षं काढलेली, हात चांगला. मी फळ्यावर आकडेमोड करून दाखवली, चौरस फुटाला इतका खर्च, इतका भाव, महिन्याला इतके फूट. पोरगं खूश. कर्ज काढलं, कटिंग मशीन घेतलं, सेक्शनचा माल भरला, बोर्ड लावला. मी फळ्यावर जे लिहिलं नव्हतं ते पुढे झालं. बंगला बांधणारा माणूस संगमनेर-नाशिकहून भाव काढून यायचा आणि याला त्याच्याही खाली यायला लावायचा. ठेकेदार माल उचलायचे आणि पैसे "पुढच्या स्लॅबला" द्यायचे. पावसाळ्यात वरच्या पट्ट्यात बांधकामं थंड, चार महिने मशीनवर गोणपाट. बँकेचा हप्ता मात्र गोणपाटाखाली जात नाही.

मग एका गुरुवारी त्याला शेंडीजवळच्या एका होम-स्टेच्या मालकाचा फोन आला. "दादा, बाल्कनीच्या काचेच्या दाराचं हँडल नुसतं गोल फिरतंय. दार लागत नाही. शनिवारी बुकिंग आहे." ज्यांनी ते दार बसवलं होतं ते बाहेरच्या शहरातले. ते म्हणाले, आख्खी झडप उतरवून वर्कशॉपला आणा. हा गेला, झडपेच्या कडेची पट्टी उघडली, आतली गिअरपेटी तुटलेली निघाली. याच्याकडे त्याच मापाची एक शिल्लक पडलेली होती. पाऊण तासात दार लागलं. मालकाने चहा पाजला आणि म्हणाला, "आलाच आहेस तर बाकीच्या खोल्या पण बघ ना. पाचव्या खोलीत रात्री वारा शिट्टी मारतो, पाहुणे घाबरतात."

त्या एका फेरीत त्याच्या हातात जे पैसे राहिले, ते एका खिडकीच्या ऑर्डरमध्येही राहत नव्हते. हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा मला बरंही वाटलं आणि वाईटही. कर्ज अजून फिटतंय त्याचं. त्यातला थोडा दोष माझ्या फळ्याचा आहे, म्हणून हा लेख.

आपल्याकडे हे दरवाजे आलेच कुठून?

दोन झडपांचा, वरपासून खालपर्यंत काचेचा, बिजागऱ्यांवर उघडणारा जो दरवाजा असतो त्याला कॅटलॉगमध्ये 'फ्रेंच डोअर' म्हणतात. आपल्या तालुक्यात हा शब्द कुणी वापरत नाही. लोक 'बाल्कनीचं काचेचं दार' म्हणतात. तुमच्या बोर्डावर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर हाच शब्द लिहा. गिऱ्हाईक ज्या नावाने वस्तू ओळखतं त्याच नावाने तुम्हाला शोधतं.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, तेव्हापासून तिथे पाहुणे येतायत. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत तलावाकाठी, घाटघरच्या रस्त्याला, रतनवाडीकडे खोल्यांची जी भर पडली तिच्यात एक गोष्ट सारखी आहे. पाहुण्याला खोलीतून पाणी आणि डोंगर दिसले पाहिजेत. म्हणजे भिंतीच्या जागी काच. आणि काच म्हणजे हे दार.

आता हवा बघा. अकोले गावात पाऊस बेताचा. तुम्ही राजूर ओलांडून पश्चिमेला सरकलात की पावसाचं मोजमापच बदलतं. घाटघरला एका हंगामात ५००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आणि तो सरळ पडत नाही. कोकणातून कडा चढून आलेला वारा त्याला आडवा मारतो. कळसूबाईच्या (उंची १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच) पायथ्याच्या गावांत विचारा, छत्रीचा तिथे काय उपयोग होतो ते. शहरातल्या फ्लॅटसाठी बनवलेलं दार इथे आणून बसवलं की पहिल्या दोन पावसाळ्यांतच त्याची रबरं आणि जोड बोलायला लागतात. मग डिसेंबरात त्याच फटीतून थंडी आत येते. पाहुणा सकाळी तक्रार करत नाही हो, तो घरी जाऊन मोबाइलवर दोन चांदण्या देतो. मालकाचं खरं दुखणं ते आहे.

म्हणजे तालुक्यात शेकडो दारं आहेत, ती बिघडायची हमी आहे, आणि नाशिकचा माणूस ६० रुपयांच्या एका तुकड्यासाठी ७० किलोमीटर येणार नाही. ही जागा रिकामी आहे, असं माझं म्हणणं.

फट म्हणजे नेमकी केवढी

गिऱ्हाइकाला "थोडी फट आहे" म्हटलं की तो म्हणतो, असू दे. त्याला आकडा सांगा. दोन झडपा जिथे मिळतात तिथे २ मिलिमीटरची फट आहे, दार २ मीटर उंच आहे. गुणाकार करा, ४० चौरस सेंटीमीटर. म्हणजे भिंतीला सात सेंटीमीटर व्यासाचं, चहाच्या कपाच्या तोंडाएवढं भोक पाडल्यासारखंच. खाली उंबऱ्याशी १ सेंटीमीटर सुटलेलं असेल आणि दार १२० सेंटीमीटर रुंद असेल तर तिथेच १२० चौरस सेंटीमीटर झाले. तिथून वारा येतो, पाणी येतं, आणि आपल्या भागात विंचूही येतो. (विंचवाचं नाव काढलं की मालक लगेच वही काढतो, हा माझा अनुभव.)

फट कुठे आहे हे डोळ्याने कळत नाही. उदबत्ती लावा. खोलीतला पंखा बंद, बाकीच्या खिडक्या बंद, बाथरूमचा एक्झॉस्ट असेल तर तो चालू आणि बाथरूमचं दार उघडं. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर ओढतो, म्हणून बाहेरची हवा जिथे वाट मिळेल तिथून आत घुसते. उदबत्ती कडेकडेने हळू फिरवा, पडदे आधी बाजूला करून. धूर जिथे एकदम आत वाकतो तिथे खडूने खूण. मग दार लावताना मध्ये दहाची नोट धरा. नोट सहज सरकून बाहेर आली तर तिथे रबर दाबलं जात नाहीये. अडकून, घासत आली तर ठीक.

पाण्यासाठी फवारणीचा पाठीवरचा पंप घ्या. वेगळा, नवा घ्या, औषध मारलेला नको. खालून वर फवारत या. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळीकडेच दिसेल आणि कुठून आलं ते कळणार नाही.

आणि उदबत्तीचा व्हिडिओ काढून ठेवा. कामाच्या आधीचा आणि नंतरचा, त्याच जागेवरून. बिलासोबत पाठवा. वारा कुणाला दाखवता येत नाही, धूर दाखवता येतो. माझ्या मते या अख्ख्या धंद्यातली सगळ्यात चांगली जाहिरात हीच आहे आणि तिला खर्च एका काडीचा.

निदान आधी, रबर नंतर

नवीन पोरं काय करतात, फट दिसली की स्पंजची चिकटपट्टी चिकटवतात. पहिल्याच पावसात स्पंज पाणी पितो, कुजतो, आणि जुलैत तुम्हाला शिव्या बसतात. काळं ईपीडीएम रबर घ्या, ऊन-पाण्याला टिकतं. पण त्याच्याही आधी फट पडली का ते बघा.

दोन झडपांच्या दारात एक झडप रोजची आणि दुसरी स्थिर असते. स्थिर झडप वर आणि खाली खिट्टीने धरलेली असते. खालची खिट्टी फरशीतल्या भोकात जाते. आता त्या भोकात काय भरतं? माती, वाळू, पाहुण्यांच्या बुटांचा चिखल. खिट्टी अर्धीच बसते, झडप हलते, मधली फट वाऱ्याबरोबर उघडमीट करते आणि शिट्टी वाजते. पाचव्या खोलीतलं 'भूत' तेच होतं. स्क्रू ड्रायव्हरने भोक उकरलं, खिट्टी पूर्ण खाली गेली, शिट्टी बंद. एकही सुटा भाग लागला नाही.

इथेच धंद्याचा खरा प्रश्न येतो. याचे पैसे घ्यायचे का? तो मुलगा संकोचला होता. "सर, नुसतं भोक साफ केलं, काय मागायचं?" मी म्हणतो, घ्यायचे. पूर्ण भेटीचे घ्यायचे. त्याऐवजी तुम्ही मालकाला "पूर्ण लॉक बदलावं लागेल" सांगितलं असतं तर त्याने निमूट तिप्पट पैसे दिले असते, आणि तुम्ही चोर झाला असता. भेटीचा दर आधी ठरलेला असेल तर खरं बोलणं परवडतं. सुट्या भागावर कमावणाऱ्या माणसाला दर वेळी काहीतरी मोडलेलं सापडावंच लागतं.

रबर बसवताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ते ताणून बसवतो. त्या दिवशी छान दिसतं, महिन्याभरात रबर आपल्या मूळ लांबीवर येतं आणि नेमक्या कोपऱ्यांत उघडं पडतं. वारा कोपऱ्यातून यायला लागतो. रबर थोडं जास्तच कापा आणि दाबत दाबत बसवा. दुसरं, जाड रबर म्हणजे चांगलं रबर नव्हे. दार जोर लावून बंद करावं लागत असेल तर तो जोर रोज बिजागरी आणि लॉकवर पडतो. सहा महिन्यांनी लॉक तुटतं, आणि ते तुम्ही तोडलेलं असतं.

चौकटीच्या खालच्या पट्टीला बाहेरून बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची ती वाट. बरेच गवंडी आणि काही हुशार मालकसुद्धा "इथून पाणी येतंय" म्हणून ती सिलिकॉनने बंद करतात. मग पाणी चौकटीत साठतं आणि खोलीत उतरतं. अशा ठिकाणी तुमचं काम सिलिकॉन लावायचं नाही, काढायचं आहे.

लाकडी दार असेल तर जुलैत रंधा काढू नका

हे मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण याच चुकीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं सुतारकाम चालू आहे. जुन्या बंगल्यांना, काही चांगल्या होम-स्टेना लाकडी चौकटीची काचेची दारं आहेत. पावसाळ्यात लाकूड ओल पितं आणि रुंदीला फुगतं, लांबीला फारसं नाही. दार अडकतं. मालक सुताराला बोलावतो, सुतार रंधा मारतो, दार मोकळं होतं, सगळे खूश. दिवाळीनंतर लाकूड सुकतं, आक्रसतं, आणि जुलैत जे तासलं तेवढीच फट डिसेंबरात उघडी पडते. मग तोच मालक थंडीसाठी दुसऱ्या माणसाला बोलावतो. दोघांनाही पैसे मिळाले आणि दाराचं वाटोळं झालं.

पावसात फक्त अडकणाऱ्या जागी मेण किंवा कोरडा साबण घासा, बिजागरीचे स्क्रू आवळा, वेळ मारून न्या. तासायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत, सुकलेल्या लाकडावर, खूण आधी करून ठेवलेली असताना. आणि तासलेली कड उघडी ठेवू नका. रंगारी दाराची पुढची-मागची बाजू रंगवतो, पण वरची आणि खालची कड सोडतो, कारण ती कुणाला दिसत नाही. लाकूड पाणी पितं ते तिथूनच, कारण तिथे उभ्या लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. झडप उतरवून त्या दोन कडांना वॉर्निश किंवा ऑइल पेंटचे दोन हात मारले तर पुढच्या जुलैत दार बरंच कमी फुगतं.

दार खाली ओघळलं असेल तर बहुतेकदा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल असतात, भोकं मोठी झालेली असतात. भोकात फेव्हिकॉल लावून बांबूच्या काड्या ठोका, वाळू द्या, मग स्क्रू. शक्यतो स्टेनलेसचा. लोखंडी स्क्रू घाटघरच्या हवेत दोन पावसाळे काढत नाही.

आपल्या जुन्या वाड्यांची दारं आठवा. दोन झडपांची, आणि एका झडपेवर मधोमध जाड उभी पट्टी, जी दुसऱ्या झडपेची कड झाकते. म्हणून एक झडप आधी उघडावी लागायची आणि शेवटी लावावी लागायची. नक्षी असायची तिच्यावर, पण मूळ काम फट झाकायचं. काचेच्या दाराला अशी पट्टी नसेल तर ॲल्युमिनिअमची, ब्रश किंवा रबर असलेली पट्टी मिळते, ती रोजच्या झडपेच्या बाहेरच्या अंगाला लावा. दहातल्या सहा-सात दारांचं काम तेवढ्यावर भागतं.

तुमची पेटी आणि तुमची वही

सुटा भाग विकत घेणं सोपं आहे. नेमका कोणता घ्यायचा हे कळणं अवघड. फोटो पाठवून भाग मागवलात तर दहातले चार चुकीचे येतील. मापं लागतात. हँडलमधला चौकोनी दांडा किती जाड, ७ मिलिमीटर की ८. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर. गिअरपेटीसाठी कडेच्या पट्टीच्या पुढच्या पृष्ठभागापासून दांड्याच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि हँडलच्या भोकाच्या मध्यापासून किल्लीच्या सिलिंडरच्या मध्यापर्यंतचं. सिलिंडरचं माप मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांकडे वेगवेगळं घ्या, कारण दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही. सरकत्या खिडकीच्या रोलरला चाकाचा व्यास आणि घराची रुंदी. एक डिजिटल व्हर्निअर घ्या. या धंद्यातली तुमची कटिंग मशीन तीच.

आणि प्रत्येक दाराची नोंद. कोणतं हॉटेल, खोली नंबर, दार कुठल्या सेक्शनचं, दांडा किती, रबर कोणतं, कधी बदललं. पहिली दहा ठिकाणं वहीत आली की पुढच्या वेळी फोन आल्यावर तुम्हाला विचारावं लागत नाही, योग्य भाग खिशात घालूनच निघता. वही नसेल तर एकाच कामाला दोन फेऱ्या, एक बघायला आणि एक बसवायला. अकोल्याहून शेंडीला ये-जा सत्तरेक किलोमीटर धरा. दुसऱ्या फेरीचं पेट्रोल आणि दिवस गिऱ्हाईक देत नाही.

काचेला हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा, ती टफन केलेली आहे का. टफन काच नंतर कापता येत नाही, मापातच मागवावी लागते. "थोडी कड मारून बसवतो" म्हणाल तर तिचा चुरा होईल. हातमोजे, चष्मा, आणि मोठी झडप उतरवताना दुसरा माणूस. यात काटकसर नको.

दर लावताना लाजू नका

समजा तुम्ही भेटीचे ४०० रुपये ठरवलेत आणि भाग वेगळे. एका खोलीसाठी गेलात तर पेट्रोल आणि अर्धा दिवस जाऊन हातात फार काही उरत नाही. म्हणून वार ठरवा. पाहुणे शनिवार-रविवार, म्हणजे मालक सोमवार ते गुरुवार मोकळा. मंगळवार शेंडी-भंडारदरा, बुधवार रतनवाडी-साम्रद, गुरुवार राजूर. एका दिवशी चार ठिकाणं झाली तर हिशोब बदलतो. अडल्यानडल्याला शुक्रवारी संध्याकाळी बोलावणं आलं तर दर दुप्पट, आधी सांगून.

याहून चांगलं म्हणजे वर्षाचा करार. दोन भेटी, एक मे महिन्यात पावसाच्या तोंडावर, दुसरी दिवाळीनंतर. प्रत्येक दाराला तपासणी, साफसफाई, तेलपाणी, स्क्रू आवळणं. भाग लागला तर वेगळा. मालकाला दर दाराचा भाव सांगा, दहा खोल्यांची दहा दारं, वर्षाचे इतके. बारा-पंधरा ठिकाणं अशी बांधली गेली तर पेट्रोल आणि किराणा तरी नक्की सुटतो, आणि वरचं काम तुमची कमाई.

आता दुसरी बाजू. "सर, दुरुस्तीत माणूस मोठा होत नाही." बरोबर आहे. एका माणसाच्या हाताला मर्यादा आहे, आणि तालुक्यात अशी दारं काही हजारो-लाखो नाहीत. अकोले गावातल्या फ्लॅट-बंगल्यांत तर सरकत्या खिडक्यांचे रोलर, जाळ्या आणि कड्या यावरच भागवावं लागेल. आणखी एक गोष्ट लोक बोलत नाहीत, मी बोलतो. लग्न ठरवताना मुलीचे वडील विचारतात, "दुकान आहे का?" बाइकवर पेटी बांधून फिरणारा पोरगा त्यांना धंदेवाला वाटत नाही, बोर्ड आणि शटर दिसलं की वाटतो. बरीच वर्कशॉपं मला वाटतं याच एका प्रश्नामुळे उघडली गेलीत आणि याच प्रश्नामुळे कर्जात गेलीत. त्यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. एवढंच सांगतो की तीन वर्षं वही भरलीत तर कुणाचं दार पूर्णच बदलायला झालंय हे तालुक्यात फक्त तुम्हाला माहीत असेल. तेव्हा वर्कशॉप टाका. तेव्हा तुम्ही भाव पाडून ऑर्डर मागायला जाणार नाही.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत त्यांत सुतार आणि कुलूप बनवणारे आहेत. ॲल्युमिनिअम-यूपीव्हीसीचं काम त्यात नावाने नाही. सुतारकाम खरोखर करत असाल तर प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज अशी तरतूद आहे. सध्या तुमच्या कामाचे अर्ज घेतायत का ते जवळच्या सीएससी केंद्रात विचारा. माझा सल्ला, अवजारांची मदत घ्या, कर्ज पहिल्या दिवशी नको. ही पेटी कर्जाशिवाय भरते. उद्यम नोंदणी फुकट होते, तिचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

एक फट बुजवायची नाही

हे वाचल्याशिवाय कामाला जाऊ नका. खोलीच्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल आणि हवा यायला-जायला वेगळी जाळी नसेल, तर त्या खोलीची दारं हवाबंद करायची नाहीत. गॅस जळायला हवा लागते. ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आंघोळीला गेलेली माणसं आपल्या राज्यात यामुळे दगावलेली आहेत. तसंच डिसेंबरात काही ठिकाणी पाहुण्यांना उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीत देतात. आजवर त्या खोल्या वाचल्या त्या कदाचित त्याच फटींमुळे, ज्या तुम्ही बुजवायला निघालात.

म्हणून आत शिरल्यावर आधी बाथरूम बघा. गॅस गिझर आत असेल तर मालकाला स्पष्ट सांगा, तो बाहेरच्या भिंतीवर घ्या किंवा वर-खाली कायमच्या जाळ्या करा, मग मी दाराला हात लावतो. शेगडी खोलीत देणार नाही असं कबूल करून घ्या. मालक म्हणेल, "तू दाराचं बघ ना, गिझरचं तुला काय?" तर काम सोडून या. भेटीचे पैसेही मागू नका. त्या मुलाने मागच्या नोव्हेंबरात असं एक काम सोडलं. अकरा खोल्यांचं होतं, हप्त्याचा महिना होता. त्याने मला फोन करून विचारलं, "सर, बरोबर केलं ना?" मी हो म्हणालो. मालकाने आठवडाभराने गिझर बाहेर घेतले की दुसऱ्या कुणाला बोलावलं, हे अजून कळलेलं नाही.

सुरुवात करायची असेल तर मे महिन्याचा दुसरा आठवडा गाठा. महिनाअखेरीस काजवे बघायला गर्दी सुरू होते, त्याच्या पाठोपाठ पाऊस, आणि मग ऑगस्ट संपेपर्यंत मालकाला बोलायला वेळ नसतो. पहिल्या दिवशी काही विकू नका. एका ठिकाणी एकच दार मागा, उदबत्ती लावा, व्हिडिओ काढा, खालच्या खिट्टीचं भोक साफ करा आणि वहीत पहिलं पान लिहा. मापं घेताना व्हर्निअर शून्यावर आहे ना ते बघा, माझ्या हातून हे दोनदा चुकलंय.